जावयाचा टीव्ही, आबांचा डबा

कुठलीही वस्तू हातात आली की ती कुठं जोडलीय हे मी आधी बघते. लहानपणापासूनची खोड आहे. शिरूरकडच्या आमच्या गावात आई म्हणायची, "हिच्या मांडीवर तान्हं पोर दिलं तर ही त्याचाबी स्क्रू हुडकंल." बारावी झाल्यावर मी रांजणगावच्या एमआयडीसीत टीव्ही जोडायच्या लाइनवर लागले आणि याच खोडीचा मला पगार मिळायला लागला.

लाइनवर काच एका खोक्यातून यायची, बोर्ड दुसऱ्या, स्पीकर तिसऱ्या, आणि पाठीचं झाकण आणखी कुठल्या तरी गावाहून. आम्ही बाया ओळीनं उभ्या राहायचो. प्रत्येकीचे स्क्रू ठरलेले. मी सगळ्यात शेवटी, टेस्टिंगला. टीव्ही सरकत समोर आला की त्याच्या पोर्टात वायर घालायची, रंगीत पट्ट्या नीट दिसतात का बघायचं, वायर काढायची, पुढचा. माझ्याएवढे टीव्ही तालुक्यात कुणी बघितले नसतील, पण त्यात एकही मालिका नव्हती.

तिथं मला एक गोष्ट कळत नव्हती. जे आम्ही चार ठिकाणांहून आणून जोडायचो, ते गिऱ्हाइकाच्या भिंतीवर गेलं की एकच का होऊन बसायचं? काच चांगली पंधरा-वीस वर्षं चालावी अशी. पण तिच्या पाठीमागं जे स्मार्ट डोकं बसवलेलं असतं ते चार-पाच वर्षांतच म्हातारं होतं. नवी ॲपं त्याला पेलत नाहीत. मग लोक डोक्यासकट काच भंगारात घालतात. डोकं बाहेर वेगळ्या डब्यात ठेवलं असतं तर डबा बदलून भागलं असतं. हे मी सुपरवायझरला एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "बाई, सगळ्यांनी असा विचार केला तर आपली लाइन बंद पडंल." उत्तर खरं होतं, पण माझं समाधान झालं नाही.

लग्न होऊन मी दौंड तालुक्यात, वरवंडला आले. नवरा कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जातो. मी हायवेच्या कडेच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अर्धा दिवस बसते. लोक येतात आणि म्हणतात, "एकातच सगळं आसलंला द्या, वायरीची भानगड नको." मी त्यांना विचारते, घरातला टीव्ही दिसतोय ना नीट? मग हा तळहाताएवढा डबा लावा, टीव्ही जुनाच चालेल. दुकानाचे मालक कपाळाला हात लावतात. "ताई, तुम्ही विकायला बसता का वाचवायला?"

आणि दिव्याखाली अंधार तो असा, की आमच्याच घरातल्या टीव्हीचं डोकं गेलं. चॅनेल दिसायचे, पण ॲप उघडलं की पाटी यायची, या टीव्हीवर आता हे चालणार नाही. नवऱ्याला ते पटेना. तो रिमोट आणखी जोरात दाबायचा. रिमोट जोरात दाबला की टीव्ही घाबरून चालू होईल असं पुरुषांना का वाटतं, हाही माझा न सुटलेला प्रश्न. तो म्हणत होता नवीन टीव्ही घेऊ, मी म्हणत होते डबा लावू, आणि दोघंही हट्टी असल्यामुळं काहीच होत नव्हतं.

त्यात होळीच्या सुमाराला आबा आले. आबा म्हणजे माझे वडील.

त्यांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता. उजवा हात आणि उजवा पाय धरल्यासारखे झाले होते. आई जाऊन बरीच वर्षं झाली. दादा आणि वहिनी दोघंही सकाळी कंपनीच्या बसनं रांजणगावला जातात, घरात दिवसभर कुणी नाही. इकडं दौंडला व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टर होत्या, आणि मी दुपारनंतर घरात. म्हणून मीच हट्टानं त्यांना न्हावरा, पारगाव, चौफुला करत गाडीत घालून घेऊन आले. डॉक्टरांनी बजावलं होतं, की पावसाळ्यापर्यंत हा व्यायाम नेटानं केला तर हात-पाय परत येतील, मध्येच सोडला तर आहे तसंच राहील.

आता आमच्याकडं बापानं लेकीच्या घरी राहायचं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. आबा चांगले होते तेव्हाही वरवंडला यायचे ते उभ्या उभ्या. बाजरीचं पोतं उतरवायचं, चहा घ्यायचा आणि पुढची एसटी पकडायची. मुक्काम कधी नाही. "लेकीच्या घरी बापानं सावलीसारखं यावं न् जावं," म्हणायचे. आणि आता तोच माणूस पावसाळ्यापर्यंत आमच्या पुढच्या खोलीत.

येताना त्यांनी स्वतःचा तांब्या आणला, टॉवेल आणला, बॅटरी आणली, घोंगडी आणली, कंगवासुद्धा आणला. वापरून झालं की प्रत्येक वस्तू पिशवीत परत. आमच्या घरातलं कपाट मी त्यांच्यासाठी रिकामं केलं होतं, ते रिकामंच राहिलं. चपला दाराकडं तोंड करून. जावई घरात आला की काठीवर भार देऊन उठायला बघायचे. तो बिचारा म्हणायचा, "मामा, बसा हो, कशाला उठता?" तर हे म्हणायचे, "न्हाई न्हाई पाव्हणं, तुम्ही दमून आलाय, तुम्ही टेका." नवरा इतका अवघडायचा की शिफ्टवरून आल्यावर तडक आंघोळीलाच जायला लागला.

आणि टीव्हीच्या रिमोटला आबांनी बोट लावलं नाही. दुपारी घरात ते एकटे, टीव्ही समोर, रिमोट हाताशी. मी दुकानातून आले की टीव्ही बंद आणि आबा भिंतीकडं बघत बसलेले.

"लावायचा की हो आबा."

"पाव्हण्यांचा हाय. त्यांनी लावला तर बघायचा."

पाहुण्यांनी लावला की कधी क्रिकेट, कधी बातम्या, कधी दक्षिणेकडचा मारामारीचा सिनेमा. आबा समोर ताठ बसून सगळं बघायचे. विचारलं की म्हणायचे, "काय बी चालंल." मला त्या 'काय बी चालंल'चा फार राग यायचा. या माणसाला काय चालतं ते मला पक्कं ठाऊक होतं. त्यांना घाट बघायचा होता.

शिरूरकडं घाट म्हणजे बैलगाडा शर्यतीची चढावरची धाव. चैत्रात जत्रा सुरू झाल्या की आज या गावचा घाट, उद्या त्या. आबांनी जन्मभर बैल पळवले. त्यांचा एक बैल अजून दादाकडं होता. त्याचं नाव इथं सांगत नाही, आमच्याकडं पोराटोरांना माहीत आहे. हल्ली प्रत्येक घाट लाईव्ह दाखवतात आणि गावाकडं आबा तो दादाच्या मोबाईलवर डोळे बारीक करून बघायचे. इथं माझा मोबाईल दिला तर घेईनात. व्यायामही मन लावून करेनात. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. आबा म्हणाले, "मी काय रांगतं पोर हाय का?" आणि चेंडू खिडकीत ठेवून दिला. रोज सकाळी एकच पालुपद, "दादाला फोन लाव, येऊन न्हे म्हणावं."

त्यांनी असंच परत जायचं ठरवलं असतं तर तो हात कायमचा गेला असता. मला दुसरं काही सुचत नव्हतं. मग एक दिवस त्यांना त्यांच्याच तांब्यातून पाणी पिताना बघून माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस या घरात फक्त स्वतःच्या वस्तू वापरतो. मग टीव्हीतला जो भाग बाहेर काढता येतो, तो त्यांचा करून टाकायचा.

दुकानातून एक डबा घेतला. घरी आणून आबांच्या पुढ्यात ठेवला आणि सरळ खोटं बोलले. बोलले तर बोलले.

"आबा, दादानं तुमच्यासाठी पाठवलाय."

"माझ्यासाठी? काय हाय?"

"टीव्हीचं डोकं हाय. पाव्हण्यांच्या टीव्हीचं डोकं गेलंय, नुसतं तोंड उरलंय. ह्यो लावला की घाट दिसंल."

त्यांनी डाव्या हातानं डबा उचलला, उलटा केला, कानाशी नेऊन हलवला. "एवढासा? ह्यात बसतं तरी काय? चित्र ह्यात अस्तंय का काचंत?"

"दोन्हींत न्हाई. ते लांबून येतंय. डबा त्याचं गाठोडं सोडतो, काच दाखवती."

"आन् आवाज?"

"त्योबी तसाच. गाठोड्यातच येतो."

"मग ह्यो बिघडला तर?"

"हाच बदलायचा. टीव्ही हाय तिथंच."

"आन् टीव्ही बिघडला तर?"

"डबा दुसऱ्या टीव्हीला."

आबांनी डबा खाली ठेवला. मला वाटलं कंटाळले. पण ते विचार करत होते. घाटात एका गाड्याला चार बैल असतात आणि ते चारही एका घरचे क्वचितच. कुणाची पुढची जोडी, कुणाची मागची, गाडा गावचा, पुढं पळणारी घोडी आणखी कुणाची. पळायच्या आधी जुंपतात, पळून झालं की सोडून आपापल्या घरी नेतात.

"म्हंजी गाडा पाव्हण्यांचा," आबा म्हणाले, "आन् बैल माझा."

"अगदी तसं."

"मग लाव."

मी लाइनवर इतकी वर्षं काढली, दुकानात रोज लोकांना तासभर समजावते, पण वेगळा डबा का घ्यावा हे मला इतकं थोडक्यात कधी सांगता आलं नव्हतं. त्या दिवसापासून दुकानात येणाऱ्या बैलवाल्या गिऱ्हाइकांना मी हेच सांगते. लगेच पटतं.

दुपारी घाट बघायला सुरुवात झाली. डब्याचा छोटा रिमोट आबांनी पहिल्याच दिवशी आपल्या उशाला घेतला. पुकारणाऱ्याचा आवाज घरभर. कुणाची बारी, म्हणजे गाड्याची एक धाव, किती सेकंदात आली, कुणाचा बैल आत ओढतो, कुणी घोडी उगीच आधी सोडली, सगळं आबा मला ऐकवायचे. स्वयंपाकघरातून मी 'व्हय, व्हय' करायचे. आबांचा आवाज परत आलाय याचं मला फार बरं वाटत होतं.

पण मी उदाहरण जरा जास्तच पटवून दिलं होतं. बैल पळून झाला की तो गाड्याला बांधून ठेवत नाहीत. म्हणून नवरा यायची वेळ झाली की आबा उठायचे, टीव्हीपाशी जायचे, डावा हात भिंतीला टेकवून उजव्या हातानं डब्याची वायर उपसायचे, डबा उपरण्यानं पुसायचे, रुमालात गुंडाळायचे आणि पिशवीत ठेवायचे. दुसऱ्या दिवशी परत जोडायचे. "पाव्हण्यांच्या टीव्हीवर आपला भार कशाला?" म्हणायचे.

मी टेस्टिंगची बाई. पोर्टात रोज वायर घातली-काढली की ते आतून ढिलं होतं हे मला माहीत. सांगणार होते. पण सांगायला गेले तेव्हा ते वायरीचं टोक पोर्टात बसवत होते. बोटं थरथरत होती, टोक उलटं लागत होतं, ते परत काढून सरळ करत होते, आणि जीभ दातांत धरून शेवटी त्यांनी ते बसवलं. चेंडू खिडकीत पडलेला. मी मुकाट्यानं मागं फिरले. लाइनवर आम्ही टेस्टिंगच्या वायरीपुढं एक छोटा जोड लावायचो, झिजला तर तो झिजू दे, तो फेकून दुसरा घ्यायचा. तसाच एक जोड मी दुकानातून आणून टीव्हीला लावून टाकला. आता काय झिजायचं ते त्याचं झिजलं असतं.

नवरा बघत होता. मला म्हणाला, "मामा टीव्हीला रोज सोडतात-बांधतात. पेंड पण चारतात का?" पण हे बोलताना हसत होता. दौंडच्या डॉक्टरही म्हणाल्या, बोटांची पकड सुधारतेय, चेंडू चांगला चाललाय. आबांनी गंभीरपणे मान डोलावली.

इथपर्यंत सगळं बेस चाललं होतं. मग एका रविवारी दादा आणि वहिनी आबांना भेटायला आले. जेवणं झाली. दादाबरोबर घाट बघायचा म्हणून त्या दिवशी आबांनी सगळ्यांसमोर डबा जोडला होता. दादानं टीव्हीपाशी जाऊन डबा निरखला आणि नवऱ्याला म्हणाला, "दाजी, बॉक्स भारी आणलाय की. आमाला न्हाई सांगितलं. कुठनं घेतला?"

मी दाराआडून डोळ्यांनी गप्प राहायची खूण केली. दादा लहानपणापासून असाच, खूण केली की विचारणार, "काय झालं?" त्यानं तेच विचारलं. आबांनी एकदा दादाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग डबा काढून पिशवीत घातला. दादा-वहिनी गेले तेव्हा आबाही त्यांच्याबरोबर गाडीत बसायला निघालेच होते, पण दुसऱ्या दिवशी दौंडची वेळ होती म्हणून दादानं थांबवलं.

त्या दिवसापासून डबा पिशवीत गेला तो बाहेर येईना. दुपारी टीव्ही बंद आणि आबा भिंतीकडं तोंड करून. जेवणही निम्म्यावर. मला आधी वाईट वाटलं, मग राग यायला लागला, आणि मला राग आला की तो पोटात राहत नाही. एका संध्याकाळी ओट्यावर मेथी निवडत बसले होते. आबा शेजारी खुर्चीत.

"दादानं दिला म्हटल्यावर लगीच घेतलात," मी म्हटलं. "मी दिला म्हटल्यावर पिशवीत. आबा, मी काय परकी हाय का?"

"तसं न्हाई गं."

"मग कसं?"

"लेकीचं घ्यायचं नस्तंय. पाव्हणं काय म्हंतील?"

"पाव्हण्यांचा काय संबंध? माझ्या पगाराचा हाय. आन् रांजणगावला लागले तवा माझा पगार घेत हुताच की. तवा मी लेक नव्हते?"

आबा माझ्याकडं न बघता म्हणाले, "तवा तू आपल्या घरची हुतीस."

त्यांनी ते सहज म्हटलं. वाईट बोलायचं त्यांच्या मनातही नव्हतं, ते मला कळत होतं. तरी मला जे लागलं ते लागलं. इतक्या वर्षांत मला कुणी असं तोंडावर सांगितलं नव्हतं, की तू आमच्यातून काढून दुसरीकडं लावलेली आहेस. मी मेथी तशीच टाकून आत गेले आणि मोरीत नळ सोडून रडले. नवऱ्यानं विचारलं काय झालं, तर त्याच्यावरही ओरडले.

पुढचे काही दिवस मी आबांशी कामापुरतं बोलत होते. औषध घ्या, जेवून घ्या, गाडी आलीय. ते 'व्हय' म्हणायचे. दौंडला न्यायचं, आणायचं चुकवलं नाही, त्यांनीही चुकवलं नाही.

मग माहेरच्या गावची जत्रा आली. दादाकडचा आबांचा बैल त्या दिवशी पळणार होता. आबा सकाळपासून बेचैन. खोलीत ये-जा. नवऱ्याची रात्रपाळी झाली होती, तो घरातच होता. दुपारी आबांनी पिशवी उघडली, रुमाल सोडला आणि डबा माझ्यापुढं धरला.

"लाव," म्हणाले. मी लावला.

घाट माणसांनी भरलेला. धूळ, भंडारा, पुकारणाऱ्याचा घसा बसलेला. आपला नंबर लागायला आला. बैल धरून माणसं खाली उभी आहेत एवढं दिसत होतं. तेवढ्यात आबांचा साधा बटणांचा फोन वाजला. दादाचा. आबांनी कानाला लावला आणि पलीकडून नुसती आरडाओरड. आबांनी फोन असा लांब धरला जसा काही तापलेला आहे.

"सांगू नको!" ते ओरडले. "अजून हितं बैल सुटायचाय!"

हे मला माहीत होतं, पण त्यांना सांगायचं राहून गेलं होतं. लाईव्ह म्हणतात तरी चित्र वर जाऊन, तुकडे होऊन, फिरून डब्यात येईपर्यंत मागं पडतं. घाटात जे झालं ते वरवंडला अर्ध्या-एक मिनिटानं दिसतं.

"म्हंजी तिकडं पळून झाला?"

"व्हय."

"आन् आपण हितं वाट बघतोय?"

"व्हय, आबा."

आबांना काय करावं कळेना. दादा फोनवर ओरडतच होता. त्यांनी फोन सरळ जावयाच्या हातात कोंबला. नवऱ्यानं ऐकलं. आता निकाल ठाऊक असलेला घरातला तो एकटा माणूस. आबा टीव्ही बघायचे सोडून त्याच्या तोंडाकडं बघायला लागले. नवऱ्याला हसू आवरेना की रडू, काही कळेना, त्याचं तोंड नुसतं वाकडं होत होतं.

"पाव्हणं!" आबा कडाडले. "तोंड तिकडं फिरवा! भिंतीकडं!"

आणि माझा नवरा, कुरकुंभच्या कंपनीत ज्याच्या हाताखाली दहा माणसं आहेत तो, निमूटपणं भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

बैल सुटले. धुळीत आधी घोडी दिसली, मग शिंगं. आबा खुर्चीतून उठले. काठी खाली पडली ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. बारी घाटमाथ्यावर गेली, पुकारणाऱ्यानं सेकंद सांगितले, आणि आबा बघता बघता "हाय रे माझ्या राजा!" म्हणत दोन्ही हात वर करून उभे. पहिला नंबर नव्हता आला. पण चांगल्यात आला होता. नवरा भिंतीकडूनच म्हणाला, "मामा, फिरू का आता?" आणि आम्ही तिघंही इतके हसलो की मला ठसका लागला.

त्यानंतर घर सैल झालं. आबा कुणी आलं म्हणून उठेनासे झाले. पण डब्याविषयी, किंवा त्या दिवशी ओट्यावर जे बोलणं झालं त्याविषयी, ना त्यांनी विषय काढला ना मी. त्यांनी माझं घेतलं की नुसतं बैलापायी चालवून घेतलं, हे मला कळत नव्हतं. विचारायचा धीर होत नव्हता.

मृगाच्या आधी डॉक्टरांनी घरी जायला परवानगी दिली. काठी होती, पण नावाला. दादा गाडी घेऊन आला. आबांनी पिशवी स्वतः भरली. तांब्या, टॉवेल, बॅटरी, कंगवा, घोंगडी. नवरा त्यांच्या पाया पडला तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गाडीत बसले. मी रस्त्यापर्यंत गेले, गाडी चौफुल्याकडं दिसेनाशी होईतो उभी राहिले.

आत आले तर डबा टीव्हीला तसाच. त्याचा रिमोट फळीवर, नीट सरळ ठेवलेला.

"विसरले वाटतं," नवरा म्हणाला.

"आबा कंगवा विसरत न्हाईत," मी म्हटलं, "डबा कसा विसरतील?"

मला कळून चुकलं. बापानं लेकीचं नाही घेतलं. घाट बघितला, हसले, हात फिरवला, आणि निघताना माझी वस्तू माझ्या दारात ठेवून गेले. मी तो डबा काढलाही नाही आणि चालूही केला नाही. धूळ पुसतानासुद्धा त्याच्यावरून फडकं फिरवलं नाही. पोचल्याचा फोन दादानं केला, तेवढ्यावर भागवलं. नवरा दोनदा म्हणाला, बोल की त्यांच्याशी. मी नाही बोलले.

पहिला पाऊस होऊन गेल्यावर आबांचाच फोन आला. उजव्या हातानं लावला म्हणाले. पाऊसपाणी झालं, बैलाचं झालं. मग म्हणाले, "डबा चालू हाय नव्हं?"

"तुमचा डबा हितंच राहिलाय," मी कोरडेपणानं म्हटलं. "दादा इकडं आला की पाठवून देते."

"राहिला न्हाई. ठेवलाय."

"माहीत हाय मला ठेवलाय ते."

माझा आवाज त्यांना कळला असावा.

"अगं, हितं दादाला दुसरा घ्यायला लावलाय मी," आबा म्हणाले. "त्यो तू दिलेला हाय, माझा हाय. त्यो तिथंच असू दे. मानसाचं कायतरी घरात असलं म्हंजी येताना पाव्हण्यावानी यावं लागत न्हाई."